ना पान, ना हिरवा रंग, तरी फूल येतं: खारघरच्या डोंगरावरच्या ‘घोस्ट फ्लॉवर’चं ज्वारीच्या शेताशी नातं काय?

ऑगस्ट संपत आलेला असतो. खारघरच्या डोंगरावर गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं आणि रविवारी सकाळी बेलापूर, पनवेल, नेरुळहून निघालेली मंडळी चिखल तुडवत वर चढत असतात. पाय घसरू नये म्हणून सगळ्यांचं लक्ष खाली असतं, त्यामुळेच कुणाच्या तरी नजरेला ते पडतं. गवताच्या बुडाशी, थेट मातीतून वर आलेली वीतभर दांडी आणि तिच्या टोकावर मान खाली घातलेलं जांभळट गुलाबी फूल. पान एकही नाही. हिरवा रंग औषधालाही नाही.

फोटो इन्स्टाग्रामवर पडतो. खाली पहिली कॉमेंट येते, ‘हे मशरूम आहे का?’

मशरूम नाही. ते खरंखुरं फूल आहे. त्याला पाकळ्या आहेत, पुंकेसर आहेत, पुढे त्याला बोंड धरतं आणि बोंडात बी तयार होतं. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव आयजिनेशिया इंडिका. निसर्गभटक्यांच्या ग्रुपवर ते ‘घोस्ट फ्लॉवर’ म्हणून ओळखलं जातं. कर्नाळा, माथेरान, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असं मुंबई-नवी मुंबईच्या भोवतालच्या सगळ्या डोंगरांत पावसाळ्यात ते उगवतं.

आता शाळेत शिकवलेलं आठवा. झाड आपलं अन्न पानांत बनवतं, त्यासाठी हरितद्रव्य लागतं. या फुलाकडे पान नाही आणि हरितद्रव्यही नाही. मग ते जेवतं कुठे?

शेजाऱ्याकडे. न सांगता.

खरा बांडगूळ कोण?

आयतं खाणाऱ्या माणसाला मराठीत ‘बांडगूळ’ म्हणतात. आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसतो, ते बांडगूळ. गंमत म्हणजे बांडगुळावर हा थोडा अन्याय आहे. त्याची पानं हिरवी असतात, ते आपलं बरंचसं अन्न स्वतः बनवतं. आंब्याकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं टाकणारी अमरवेल मात्र जवळपास सगळंच दुसऱ्याचं खाते.

पण हे दोघेही डोळ्यांसमोर, फांदीवर बसून खातात. मुळांवर जगणाऱ्या वनस्पतींचं तसं नाही. त्यांचा सगळा व्यवहार जमिनीखाली चालतो. वर दिसतं ते फक्त फूल, आणि तेही यजमानापासून थोडं बाजूला. त्यामुळे कोण कुणाचं खातंय हे वरून कळतच नाही. घोस्ट फ्लॉवरच्या भोवती जे गवत किंवा बांबू असतो, त्याच्या मुळाला ते खाली चिकटलेलं असतं.

हे चिकटणं म्हणजे नुसतं वेटोळं घालणं नाही. परजीवी झाडाच्या मुळावर एक खास अवयव तयार होतो, त्याला हॉस्टोरियम म्हणतात. मराठीत शोषक मूळ म्हणा. हे शोषक मूळ यजमानाच्या मुळाची साल भेदून आत शिरतं आणि थेट त्याच्या वाहिन्यांना जोडून घेतं. सोसायटीच्या मुख्य पाइपलाइनवर रात्रीतून कुणी चोरून कनेक्शन घ्यावं, अगदी तसं. बिल यजमान भरतो.

जगात अशा परजीवी सपुष्प वनस्पतींच्या साधारण चार ते साडेचार हजार जाती आहेत, म्हणजे फुलझाडांच्या एकूण जातींच्या एक टक्क्याच्या आसपास. उत्क्रांतीच्या ओघात वनस्पतींना ही युक्ती एकदाच सुचली असंही नाही. वेगवेगळ्या कुळांत मिळून साधारण १२ वेळा ती स्वतंत्रपणे उगम पावली, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यांतलं सर्वांत मोठं कूळ ओरोबँकेसी. घोस्ट फ्लॉवर याच कुळातलं. जगातलं सर्वांत मोठं फूल म्हणून ज्याचे फोटो व्हायरल होतात, ते सुमारे एक मीटर रुंदीचं रॅफ्लेशियाही परजीवीच, पण त्याचं कूळ वेगळं. ते आग्नेय आशियातल्या जंगलांत एका रानवेलीवर जगतं.

घोस्ट फ्लॉवरचं शास्त्रीय नाव लिनेअसने १७५३ मध्ये दिलं, ते ७ व्या शतकातल्या पॉल ऑफ इजिना या ग्रीक वैद्यावरून. जपानी लोकांनी मात्र सरळ आकार बघून नाव ठेवलं. वाकलेली दांडी आणि पुढे फूल, म्हणजे तंबाखू ओढायची परदेशी नळी. म्हणून तिकडे ते ‘नानबान गिसेरू’. तिथे हौशी लोक ते कुंडीतही लावतात, पण एकटं नाही. कुंडीत आधी गवत लावायचं आणि त्याच्या मुळाशी याचं बी टाकायचं. गवत नसेल तर फूल नाही.

हे लक्षात ठेवा, कारण डोंगरावरून हे फूल मातीसकट उपटून घरी आणणारे लोक असतात. ते जगत नाही. यजमानापासून तुटलं की तो विषय तिथेच संपतो.

एकच कूळ, पण शेतात गेलं की घात

इथपर्यंत सगळं छान, फोटोजेनिक आहे. पण याच कुळातलं एक रोपटं महाराष्ट्रातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो आणि त्याचा फोटो काढायची त्याला अजिबात हौस नाही. त्याचं नाव टारफुला.

नवी मुंबईत ज्यांचं गाव सातारा, सांगली किंवा सोलापूरकडे आहे, त्यांनी घरी आजी-आजोबांना विचारून बघावं. वाशीच्या मार्केटमध्ये पोती उचलणारे कितीतरी माथाडी त्याच भागातून आलेले. ज्वारीच्या ताटांच्या मधून उगवणारं, जेमतेम वीत-दीड वीत उंचीचं, बारीक पांढऱ्या फुलांचं हे रोप. दिसायला नाजूक. देवपूजेच्या ताटात ठेवावं असं.

टारफुला म्हणजे स्ट्रायगा या वंशातल्या जाती. इंग्रजीत त्याला ‘विचवीड’ म्हणतात, म्हणजे चेटकिणीचं तण. नाव उगाच पडलेलं नाही. ज्वारी चांगली उगवते, वाढते आणि मग एकाएकी सुकल्यासारखी दिसू लागते. पाऊस झालेला असतो, जमिनीत ओल असते, तरी ताट पाण्यावाचून राहिल्यासारखं. वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. कुणीतरी करणी केली असं वाटावं. त्यानंतर काही दिवसांनी जमिनीतून टारफुल्याची रोपं वर येतात.

म्हणजे चोर दिसतो तेव्हा चोरी होऊन गेलेली असते. उगवल्यानंतर साधारण महिना-दीड महिना टारफुला जमिनीखालीच वाढत असतो, आणि या काळात त्याचा सगळा खर्च ज्वारी करते. वर आल्यावर त्याची पानं हिरवी होतात, थोडं अन्न तो स्वतःही बनवतो. पण तोवर पिकाचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. ते नुकसानही नुसतं पाणी आणि अन्न पळवण्याचं नाही. टारफुला चिकटला की पिकाच्या वाढीच्या संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि पानं पूर्वीइतकं अन्न बनवेनाशी होतात. जेवढं चोरीला गेलं त्याहून तोटा मोठा, तो यामुळे.

बाजरी, मका, भात, नाचणी, ऊस ही सगळी गवताच्याच कुळातली पिकं असल्यामुळे टारफुल्याच्या टप्प्यात येतात. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तर तो मोठी डोकेदुखी आहे. उसावर ऊस आणि मग खोडवा असं चक्र सुरू राहिलं की यजमान वर्षभर रानात हजर. परजीवीला याहून काय हवं?

टारफुल्याचा एक भाऊबंद सीमाभागात भेटतो. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात तंबाखूच्या बुडाशी उगवणारं, पान नसलेलं पिवळट-तपकिरी रोप म्हणजे बंबाखू, शास्त्रीय नाव ओरोबँकी. कुळाला नाव मिळालं ते याच्यावरूनच. हा वांगी-टोमॅटोही सोडत नाही. टारफुला निदान थोडंफार कमावतो, बंबाखू घोस्ट फ्लॉवरसारखाच पूर्ण आयतोबा.

धुळीएवढं बी, पण वीस वर्षांचा संयम

टारफुल्याचा बंदोबस्त इतका अवघड का, याचं उत्तर त्याच्या बियांत आहे. एक बी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. हातावर घेतलं तर धूळ वाटेल. एका रोपाला अशा हजारो बिया, जोमदार रोप असेल तर ५० हजार आणि त्याहूनही जास्त. त्या वाऱ्याने जातात, पाण्याने जातात, औजाराला चिकटलेल्या मातीतून जातात, जनावरांनी खाल्ल्या तर शेणखतातून पुढच्या शेतात जातात. मातीत पडल्यावर दहा, पंधरा, काही वेळा वीस वर्षं त्या जिवंत राहतात.

एवढ्या बारीक बियांत शिदोरी कितीशी असणार? उगवल्यावर काही दिवसांत यजमानाचं मूळ सापडलं नाही, तर रोप मेलंच. त्यामुळे चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी उगवणं त्याला परवडत नाही. म्हणून ते वाट बघतं. जमीन ओली आणि उबदार झाली तरी उगवत नाही. अगदी काही मिलिमीटरवर ज्वारीचं मूळ आलं, तरच उगवतं.

अंधारात, मातीत, डोळे-कान नसलेल्या बीला कसं कळतं की शेजारी मूळ आलंय?

वासाने म्हणा हवं तर. झाडांची मुळं मातीत काही रसायनं सोडतात. त्यांतलं एक १९६६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगळं काढलं आणि त्याला स्ट्रायगॉल नाव दिलं. अत्यंत कमी प्रमाणातही ते टारफुल्याचं बी जागं करत होतं. विचित्र भाग असा की हे रसायन मिळालं कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर टारफुला जगूच शकत नाही!

त्याहून मोठा प्रश्न पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लोंबकळत राहिला. एखादं झाड आपल्याच शत्रूला ‘ये, मी इथे आहे’ असं सांगणारं रसायन सोडेल कशाला? असली खोड उत्क्रांतीत कधीच निघून जायला हवी होती.

उत्तर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. ती हाक शत्रूसाठी नव्हतीच. ती मित्रासाठी होती. मातीतली मायकोरायझा नावाची बुरशी झाडाच्या मुळाशी राहते, त्याला स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. जमिनीत स्फुरद कमी पडला की झाड या बुरशीला बोलावण्यासाठी स्ट्रायगोलॅक्टोन गटातली ही रसायनं जास्त सोडतं. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, आणखी एक गोष्ट कळली: हीच रसायनं झाडाच्या आत किती फांद्या फुटाव्यात हेही ठरवतात. म्हणजे झाडाला ती सोडून देणं शक्यच नाही.

आता एक जुनं कोडं सुटतं. टारफुला हलक्या, खत न मिळालेल्या जमिनीत जास्त माजतो, हे शेतकऱ्यांना आधीपासून माहीत होतं. कारण हे: जमीन उपाशी असली की पीक मदतीसाठी जोरात हाका मारतं, आणि त्या टारफुल्याला जोरात ऐकू जातात. ज्याच्याकडे खताला पैसे नाहीत त्याच्याच रानात चोर जास्त. आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांना टारफुल्याने सर्वांत जास्त छळलं, त्यामागेही हेच आहे.

चोराला फसवायचं कसं?

हाक कशी काम करते ते कळलं, तर खोटी हाकही मारता येते. कापूस, भुईमूग, सूर्यफूल यांची मुळं टारफुल्याच्या बियांना जागं करतात, पण आत घेत नाहीत. बी उगवतं, मूळ शोधतं आणि उपाशी मरतं. शास्त्रज्ञ याला ‘आत्मघातकी उगवण’ म्हणतात. आपल्याकडे ज्वारीनंतर फेरपालट करायची शिफारस असते, तिच्यामागचं गणित हेच. आणि हाताने उपटायचं असेल तर फूल येण्याआधी उपटायचं. बी धरल्यावर उपटून बांधावर टाकणं म्हणजे पेरणीच.

अमेरिकेत टारफुला १९५६ मध्ये उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांत मक्यावर सापडला. तिथल्या सरकारने तो पसरू दिला नाही. काय केलं, तर जमिनीत यंत्रांनी इथिलीन वायू सोडला, कारण इथिलीननेही हे बी जागं होतं. ४ लाख एकरांहून अधिक क्षेत्रातला प्रादुर्भाव अनेक दशकं खर्च करून त्यांनी जवळजवळ संपवला. सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा उपाय सांगण्यात अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको.

परवडणारा रस्ता म्हणजे बियाणं. इथिओपियात जन्मलेले आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात काम करणारे गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार केल्या आणि त्यासाठी त्यांना २००९ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. अशा काही ज्वारीत खुबी ही असते की तिची मुळं हाकेची भाषाच बदलतात. बुरशीला कळते, टारफुल्याला नीट कळत नाही. एन-१३ नावाच्या एका भारतीय ज्वारीची तऱ्हा वेगळी. ती टारफुल्याला बोलावते, पण तिच्या मुळाची आतली भिंत एवढी टणक होते की शोषक मूळ आत शिरू शकत नाही. आफ्रिकेतल्या संशोधनातही ही ज्वारी वापरली जाते. २०१८ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी खोटी हाक मारणारं एक कृत्रिम रसायन बनवलं, ते नैसर्गिक रसायनाइतक्याच किंवा त्याहूनही कमी मात्रेत टारफुल्याला जागं करतं. प्रयोगशाळेतून रानात यायला अशा गोष्टींना वेळ लागतो.

देवघरातला परजीवी

या सगळ्यावरून मुळांवर जगणारी झाडं म्हणजे खलनायकच, असं वाटत असेल तर देवघरातलं सहाणेवरचं खोड बघा. चंदन हेही मुळांवरचं परजीवी आहे.

चंदनाची पानं हिरवी असतात, ते आपलं अन्न बनवतं. पण शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषक मुळं जोडून पाणी, क्षार आणि नत्रयुक्त अन्नद्रव्यं घेतल्याशिवाय त्याची वाढ धड होत नाही. एक-दोन नव्हे, शेकडो प्रकारच्या झाडांवर ते जगू शकतं. अलीकडे ‘चंदन लावा, लखपती व्हा’ छाप व्हिडिओ सगळ्यांच्या फीडमध्ये येतात. त्यांत ही गोष्ट अनेकदा घाईघाईत सांगितली जाते किंवा सांगितलीच जात नाही. सोबतीचं झाड नसलेलं चंदन खुरटतं. म्हणून जाणते लोक रोपासोबत आधी तूर लावतात आणि पुढच्या वर्षांसाठी करंज, शिरीष, सुरू यांसारखं टिकाऊ यजमान झाड शेजारी ठेवतात. रोप विकत घेताना पहिला प्रश्न भावाचा नको, सोबतीला काय लावायचं याचा हवा.

आणि डोंगरावरच्या रानफुलांचं काय? कास पठारावर सप्टेंबरात गवतातून डोकावणारी गुलाबी दुधाळी आणि रात्री उमलणारी पांढरी, लांब नळीची तुतारी हीदेखील अर्धपरजीवीच. हिरवी असतात, पण मुळाखालून गवताचा वाटा घेतात. त्यांनी गवत मरत नाही, फक्त जरा दबून राहतं. युरोपात याचा चक्क उपयोग करतात. येलो रॅटल नावाचं असंच एक रानफूल कुरणात मुद्दाम पेरतात. ते गवताचा जोर कमी करतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत इतर फुलांना वाव मिळतो. शेतात जो चोर, तोच माळावर दादागिरी मोडणारा. फरक एवढाच की शेतात एकच पीक असतं आणि ते कुणाच्या तरी पोटाचं असतं.

नवी मुंबईत घोस्ट फ्लॉवरचं भवितव्य त्यामुळे गवताशी बांधलेलं आहे. पारसिकच्या डोंगराचे लचके दगडखाणींनी तोडले. खारघर-बेलापूरच्या डोंगरांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी वणवे लागतात. शिवाय गवताळ उतार दिसला की तो ‘मोकळा’ समजून खड्डे खणायचे आणि झाडं लावायची, हा उत्साहही आहे. हेतू चांगला असतो. पण तो उतार मोकळा नसतो. तिथलं गवत गेलं की त्याच्या मुळांवरचं हे फूलही जातं, आणि हे फूल वेगळं लावता येत नाही.

बघायचं असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ चांगला. चालताना गवताच्या आणि बांबूच्या बुडाशी बघा, वर नाही. एक दिसलं तर तिथेच थांबा, कारण आजूबाजूला आणखी असण्याची शक्यता असते आणि पाऊल त्यांच्यावरच पडू शकतं. ओळखायची खूण म्हणजे लालसर-पिवळी बिनपानाची दांडी, फुलाला एका बाजूने चिरलेलं टोपरं आणि आत जांभळट नळी. वाळलं की ते काळं पडतं, मग गवतात सापडत नाही. पांडवकडा धबधब्याकडे पावसाळ्यात वन खात्याची बंदी असते, तेव्हा फुलाच्या नादाने तिकडे वळू नका. कर्नाळ्याला रीतसर तिकीट काढून जाता येतं.